एकाच कादंबरीने रडवले आणि चिडवलेही. ती जाऊबाईंना द्यावी का?

आपला प्रश्न लांब आहे आणि त्यात तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, म्हणून तो मला कसा कळला ते आधी लिहिते. आपण मूळच्या मिरजेच्या, मराठी प्रॉटेस्टंट घरातल्या, आणि यजमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षांपासून वास्कोला राहता. विल्यम पॉल यंग यांची ‘द शॅक’ ही इंग्रजी कादंबरी एका मैत्रिणीने दिली, ती आपण दोन रात्रींत वाचली. पहिल्या रात्री आपण रडलात. दुसऱ्या रात्री चिडून पुस्तक मिटलेत, तरी पहाटे उठून उरलेली पाने संपवलीत. मैत्रीण म्हणते की या पुस्तकामुळे तिची थांबलेली प्रार्थना पुन्हा सुरू झाली. मंडळीचे पाळक म्हणतात की असले पुस्तक विश्वासणाऱ्याच्या घरात नसावे. दोघांचेही पटते, मग आपलाच विश्वास डळमळीत आहे का, असे आपण विचारता. आणि अगदी शेवटी, सहज आठवले म्हणून लिहावे तसे लिहिता की मिरजेला असलेल्या धाकट्या जाऊबाईंचा आठ वर्षांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी नदीत बुडून गेला, आणि हे पुस्तक त्यांना द्यावे की नाही हे ठरत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. पुस्तक चांगले की वाईट हे एकदा ठरले की द्यायचे की नाही ते आपोआप ठरेल, असे आपण गृहीत धरले आहे. तसे होत नाही. पण आपल्या मनाची ओढाताण समजल्याशिवाय जाऊबाईंच्या बाबतीतला निर्णयही नीट होणार नाही, म्हणून क्रमाने जाऊ.

माझ्याविषयी दोन शब्द. मी फोंड्याकडची, एकतीस वर्षे महाविद्यालयीन ग्रंथालयात काम केले, आणि गेली एकोणीस वर्षे मडगावात एका स्नेह्यांच्या बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, महिन्यातून एकदा बसणारे वाचक मंडळ चालवते. मंडळात हिंदू आहेत, कॅथलिक आहेत, आपल्यासारखी दोन मराठी प्रॉटेस्टंट माणसेही आहेत. बोलणे कोकणीत होते, टिपणे मराठीत निघतात आणि निम्मी पुस्तके इंग्रजी असतात, हे गोव्यात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको. मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे अमुक मत शास्त्राला धरून आहे की नाही याचा निवाडा मी करणार नाही; तो आपल्या पाळकांचा प्रांत आहे आणि त्यात लुडबुड करण्याचा मला अधिकार नाही. अशी पुस्तके वाचताना वाचकाचे काय होते, आणि दुःखात असलेल्या माणसाच्या हाती पुस्तक देताना काय चुकते, एवढेच मला ठाऊक आहे. यातली दुसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकले.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. मॅक नावाचा गृहस्थ तीन मुलांना घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकून राहतो. निघायच्या सकाळी दोन थोरल्या मुलांची होडी उलटते. बाप पाण्यात उडी घेतो, अडकलेल्या मुलाला वाचवतो, आणि तेवढ्या वेळात चित्र रंगवत बसलेल्या धाकट्या लेकीला कोणीतरी पळवून नेतो. रानातल्या एका मोडक्या खोपटात तिचा रक्ताळलेला झगा सापडतो, देह सापडत नाही. काही वर्षांनी त्याच खोपटात भेटायला ये अशी चिठ्ठी बापाला येते, खाली ‘पापा’ अशी सही असते, आणि पापा हे त्याच्या बायकोचे देवाला हाक मारायचे नाव. तिथे त्याला देवपिता भेटतो तो स्वयंपाकघरात वावरणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या रूपात, ख्रिस्त मध्यपूर्वेतल्या सुताराच्या रूपात, आणि पवित्र आत्मा सरयू नावाच्या आशियाई स्त्रीच्या रूपात. पुढचे बहुतेक पुस्तक म्हणजे या तिघांशी त्याचे बोलणे.

यंग यांनी ही गोष्ट मुळात स्वतःच्या सहा मुलांसाठी लिहिली होती. ख्रिस्ती प्रकाशकांना ती फार धीट वाटली आणि इतरांना तीत ख्रिस्त फार वाटला, तेव्हा मित्रांनीच लहानशी प्रकाशनसंस्था काढून २००७ मध्ये ती छापली. तिच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि २०१७ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. अमेरिकेत यूजीन पीटरसन यांच्यासारख्या नावाजलेल्या पाळकांनी तिची तुलना बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’शी केली, म्हणजे हरी केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणलेल्या ग्रंथाशी. तर आल्बर्ट मोहलर यांच्यासारख्या बाप्टिस्ट धर्मशास्त्र्यांनी तिच्यात उघड पाखंड आहे असे म्हटले. मैत्रीण आणि पाळक यांच्या ज्या कात्रीत आपण सापडला आहात, त्याच कात्रीत हे पुस्तक जन्मापासून आहे. आपला विश्वास कच्चा असल्याची ही खूण म्हणता येणार नाही.

आता मनाच्या ओढाताणीकडे येते. वादग्रस्त पुस्तक मंडळात घ्यायचे असेल तेव्हा मी प्रत्येकाला एक काम देते. वाचताना जिथे गळा दाटून येईल तिथे समासात पेन्सिलीने उभी रेघ ओढायची आणि जिथे मन ‘हे नव्हे’ म्हणेल तिथे फुली करायची. कारण लिहायचे नाही, नुसती खूण. बैठकीत मग आम्ही मतांपासून सुरुवात करत नाही; पाने जुळवतो. ‘द शॅक’च्या वेळी आम्ही अकरा जण होतो, बाहेर जूनचा पाऊस लागला होता, आणि पाने जुळवता जुळवता एक गोष्ट सगळ्यांच्याच ध्यानात आली. रेघा बहुतेक प्रसंगांवर होत्या: सरयू त्या बापाचे अश्रू छोट्या कुपीत जपते आणि शेवटी लेकीला मूठमाती देताना तेच मातीवर शिंपडते, तिथे अकरापैकी नऊ रेघा. फुल्या मात्र जवळजवळ सगळ्या संवादांवर होत्या, जिथे देव चार-चार पाने समजावत बसतो. रेघ आणि फुली एकाच पानावर पडली ती एकाच ठिकाणी, मारेकऱ्याला क्षमा करण्याच्या भागात.

यावरून मी जे अनुमान काढते ते असे. कादंबरी आपल्याला हलवते ती प्रसंगाने, हावभावाने, हातात धरता येईल अशा वस्तूने. आणि ती जेव्हा काही पटवून द्यायला लागते तेव्हा बहुधा पात्रांना बोलायला लावते. रडणे प्रसंगाला आलेले असते, चिडणे विधानाला आलेले असते. दोन्ही एकाच पुस्तकात घडले म्हणून ती एकमेकांशी भांडत आहेत असे वाटते, पण त्यांचे धनी वेगळे आहेत. आपण पुन्हा पुस्तक उघडून फक्त एवढे पाहा की पहिल्या रात्री कोणत्या पानांनी रडवले आणि दुसऱ्या रात्री नेमक्या कोणत्या पानावर ते मिटले. माझा अंदाज आहे की मिटलेल्या पानावर कोणीतरी बोलत असेल.

फुल्या सगळ्यांच्या सारख्या नव्हत्या, आणि गोव्यात हे पुस्तक वाचताना मला सर्वांत रस वाटला तो इथे. अमेरिकेतला गदारोळ मुख्यतः देवाच्या रूपावरून आणि त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या श्रद्धेच्या, मांडणीवरून झाला. आमच्याकडच्या कॅथलिक वाचकांना देव स्वयंपाकघरात भेटला याचे फारसे काही वाटले नाही. पस्तीस वर्षे मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवलेल्या एका निवृत्त शिक्षिकेची फुली भलतीकडेच होती: जिथे कादंबरीतला ख्रिस्त संस्थांविषयी तुसडेपणाने बोलतो, संस्था उभारणे हे आपले काम नव्हे असे सुचवतो, तिथे. त्या म्हणाल्या की ज्या गावात बारसे, लग्न, फेस्त आणि मरण यांतले काहीच इगर्जीवाचून, म्हणजे चर्चवाचून, होत नाही, तिथे देव एकट्यालाच रानात भेटतो ही कल्पना मला देवाची वाटत नाही, शहराची वाटते. प्रॉटेस्टंट सभासदांची फुली तारणावर, म्हणजे पापातून सुटकेच्या प्रश्नावर, होती: इथे पश्चात्ताप कुठे आहे आणि शास्त्र कुठे आहे? आम्हा हिंदूंना तर बराच वेळ वाद कशाचा आहे हेच कळेना. देवाने सोयीचे रूप घेणे आमच्या अंगवळणी पडलेले, आणि शरयू म्हटले की मराठी माणसाला अयोध्येचा काठ आठवतो. लेखकाने ते नाव वाऱ्याचे म्हणून पवित्र आत्म्याला दिले आहे हे समजल्यावर दोघी-तिघी हसल्याच. मग त्या शिक्षिकेनेच आम्हाला समजावले की अवतार आणि देहधारण, म्हणजे देवाने एकदाच खराखुरा माणूस होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही ज्यावर हसता तिथेच आमचा काटा आहे.

मराठी ख्रिस्ती वाचकाची फुली देवाला आई म्हणण्यावर पडत असेल, तर तिने क्षणभर थांबून आपल्याच घरात पाहावे असे मला वाटते. नारायण वामन टिळकांनी भजनांतून ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली ती काही अमेरिकेतून आणलेली नव्हती. विठाईच्या प्रांतात ती हाक सहज ओठांवर येते. बायबलमधल्या यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात आई लेकराचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन असे देव म्हणतो, आणि लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेले नाणे दिवा लावून शोधणारी बाई आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

पण आपल्या पाळकांचा आक्षेप एवढाच असेल असे धरून त्यांना जुन्या वळणाचे ठरवू नका. कादंबरीत ‘पापा’च्या, म्हणजे देवपित्याच्या, मनगटांवरही खिळ्यांचे व्रण आहेत. पित्याने स्वतःच क्रूसावर दुःख सोसले हे मत तिसऱ्या शतकाच्या आरंभी तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने पुस्तक लिहून खोडून काढले होते. म्हणजे तो आक्षेप अठराशे वर्षांचा आहे आणि त्यामागे विचार आहे. शिवाय २०१७ मध्ये यंग यांनी कथेचा आडोसा न घेता एक वैचारिक पुस्तक लिहिले आणि त्यात अखेरीस सर्वांचेच तारण होते ही भूमिका उघड घेतली. कादंबरीत पाळकांना जे जाणवले ते त्यांनी उगाच ओढूनताणून काढलेले नाही. माझे मतभेद त्यांच्या निदानाशी नाहीत, पथ्याशी आहेत. पुस्तकात हे-हे आहे, जपून वाचा, असे म्हणणे एक, आणि घरात ठेवू नका असे म्हणणे दुसरे.

पथ्याचा मुद्दा गोव्याला जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये इथल्याच रायतूरला त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्याच्या आरंभीच नव्याने ख्रिस्ती झालेले लोक विचारतात की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरे पुराण का करत नाही? एका धर्मगुरूने ते गाऱ्हाणे मनावर घेतले आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत, ‘वैकुंठ’ सारखे शब्द निःसंकोच वापरत सांगितली. नुसत्या मनाईने माणसाची गोष्टीची भूक भागत नाही हे त्या पाद्र्याला चारशे वर्षांपूर्वी कळले होते. (उलट उदाहरणही गोव्याचेच आहे. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ या चित्रपटावर सरकारने इथे बंदी घातली, आणि आमच्या ग्रंथालयात त्या पंधरवड्यात मूळ कादंबरीसाठी यादी करावी लागली. तो वाद मात्र वेगळ्या जातीचा. ती कादंबरी सुरुवातीलाच ‘वस्तुस्थिती’ म्हणून एक पान देते, तेव्हा तिला इतिहासाचे प्रश्न विचारावेत आणि मोकळे व्हावे.)

प्रसंग खरा आणि निष्कर्ष लादलेला, असा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. आपली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची, ख्रिस्ती कादंबरीच आहे. पदमनजी स्वतः तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेले, विधवाविवाहाचा कायदा वर्षापूर्वी आलेला. आमच्या मंडळात ती वाचली तेव्हा विधवांच्या हालांच्या पानांवर हिंदू बायकांच्याच रेघा जास्त होत्या. केशवपन, उपास, कोंडलेली खोली, हे आजीच्या तोंडून ऐकलेले. आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि ख्रिस्ती माणसाशी लग्न करते तिथे त्याच बायकांच्या फुल्या. त्या बायका दुटप्पी होत्या का? मला तसे वाटत नाही. पदमनजींनी पाहिलेले दुःख त्यांनी स्वीकारले, त्यावर सांगितलेला उपाय नाकारला, आणि पुस्तक मात्र जपून ठेवले.

आता माझी स्वतःची फुली सांगते, कारण एवढे सगळे सांगून ती लपवणे बरे नव्हे. माझी तक्रार धर्माची नाही, कलेची आहे. ‘द शॅक’मधला देव फार बोलतो. बायबलमध्ये, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या ग्रंथात, देव वावटळीतून बोलतो खरा, पण ईयोबाच्या ‘का?’ला उत्तर देत नाही, आणि ज्या मित्रांनी चोख उत्तरे दिली होती त्यांच्यावरच रागावतो. यंग यांच्या कादंबरीत प्रत्येक ‘का?’ला उत्तर आहे, तेही सौम्य आवाजात, गरम जेवणासोबत. याच्या अगदी उलट टोकाला जपानी लेखक शुसाकु एंडो यांची ‘सायलेन्स’ आहे, १९६६ ची. तिच्यातले जेझुइट संघाचे तरुण पोर्तुगीज पाद्री लिस्बनहून निघून गोव्यालाच उतरतात आणि इथून पुढे मकाव व जपानला जातात. जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरांनी १५४९ मध्ये जपानात सुरू केलेल्या धर्मप्रसाराच्या कामाचा तो रक्ताळलेला शेवट आहे. छळ होणाऱ्या शेतकऱ्यांना सोडवायचे तर पाद्र्याने ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय द्यायचा. देव सगळे पुस्तकभर गप्प, आणि अखेर बोलतो तेव्हा जे बोलतो त्यावर आजही एकमत नाही. एंडो स्वतः कॅथलिक होते. आमच्या शिक्षिकाबाईंनी त्या पानावर रेघही ओढली नाही आणि फुलीही केली नाही. पेन्सिलीचे टोक टेकवून उमटलेला नुसता ठिपका होता. विचारले तर म्हणाल्या, ‘अजून ठरलेलं नाही.’ नऊ वर्षे झाली, त्यांचे अजून ठरलेले नाही, आणि दर रविवारी त्या मिसेला जातात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, आपले रडणे आणि चिडणे वेगवेगळ्या पानांना आहे, पाळकांचा आक्षेप निराधार नाही, मैत्रिणीचा दिलासाही खोटा नाही, आणि यांतले काहीही आपल्या विश्वासाचे मोजमाप नाही. पण यातून जाऊबाईंचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी दुसऱ्या बाजूने विचार करावा लागतो.

माझी चूक अशी. माझ्या एका सहकारी बाईंची कॉलेजात शिकणारी मुलगी रस्त्यावरच्या अपघातात गेली. मी तेव्हा नुकतीच ही कादंबरी वाचून भारावले होते. दोन महिने झाले असतील. त्या कामावर रुजू झाल्या होत्या, आणि मी न विचारता पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवले, वर ‘वेळ मिळेल तेव्हा’ अशी चिठ्ठी. आठव्या दिवशी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत आले. आत बसच्या तिकिटाची खूण अडकलेली होती, क्षमेच्या प्रकरणात. त्यापुढे त्या गेल्या नव्हत्या. पुष्कळ दिवसांनी त्या मला एवढेच म्हणाल्या, ‘मॅडम, त्या ट्रकवाल्याला मी माफ करायचं की नाही, हे मला अजून कोणी विचारलंसुद्धा नाही. तुमच्या पुस्तकानं थेट सांगूनच टाकलं.’ पुस्तकात क्षमेचा प्रवास लांब आहे, बापाला वेळ लागतो, हे सगळे खरे. पण वाचणाऱ्या आईला दोनच महिने झाले होते. शोकात असलेल्याला न मागता पुस्तक देणे म्हणजे न मागता सल्ला देणे, आणि वर त्याला तो दोन-अडीचशे पाने मुकाट ऐकायला लावणे.

आपल्या बाबतीत तीन वर्षे झाली आहेत, त्यामुळे काळाची अडचण तेवढी नाही. पण एक गोष्ट आपल्या प्रश्नात कुठेच आली नाही, म्हणून विचारते: होडीचे प्रकरण आपण जाऊबाईंच्या डोळ्यांनी वाचून पाहिलेत का? कादंबरीतला बाप पाण्यात उडी घेतो आणि बुडणारा मुलगा वाचतो. दुसऱ्या कोणत्याही वाचकाला तो पुढच्या अनर्थाकडे नेणारा दुवा आहे. जाऊबाईंना तोच अनर्थ आहे, कारण त्यांच्या बाबतीत पाण्याने मुलगा परत दिला नाही. तिथे त्या ‘मी तिथे असते तर’ याच विचारात पुन्हा अडकतील. बापाचे स्वतःला दोष देणे हा या कादंबरीचा खरा गाभा आहे आणि तोच त्यांच्या कामी येऊ शकतो, पण त्याकडे जाणारा रस्ता पाण्यातून जातो. शिवाय क्षमेचा सारा भाग एका मारेकऱ्याभोवती आहे. नदीला कोण क्षमा करणार? त्यांचा राग बहुधा देवावर असेल किंवा स्वतःवर, आणि यांतले कोणते हे आपल्याला जास्त कळेल, मला नाही.

म्हणून आज मला कोणी असे विचारले तर मी पुढीलप्रमाणे सांगते. पुस्तक टपालाने पाठवू नका. सुट्टीत मिरजेला जाल तेव्हा, दोघीच असाल अशा वेळी, भाजी निवडताना वगैरे, एवढेच म्हणा की मी एक गोष्ट वाचली, तीत एका बापाची मुलगी जाते आणि तो देवावर रागावतो. आणि थांबा. त्यांनी विषय बदलला तर आपणही बदला. ते उत्तरच आहे. त्यांनी पुढे विचारले तर अश्रूंच्या कुपीचा प्रसंग आपल्या शब्दांत सांगा. जाऊबाईंना इंग्रजी वाचायचा सराव बेताचा आहे असे आपण लिहिले आहे, त्यामुळे तोंडी सांगणेच सोयीचे, आणि तोंडी सांगण्याचा फायदा हा की समोरच्याचा चेहरा पाहून मध्येच थांबता येते. छापील पान थांबत नाही. ती कुपी लेखकाच्या डोक्यातून निघालेली नाही. छप्पन्नाव्या स्तोत्रात माझी आसवे तुझ्या बुधलीत भरून ठेव असे दाविद म्हणतो. ते स्तोत्र त्यांच्या घरातल्या पवित्र शास्त्रात आहे, मराठीत आहे, आणि ते वाचायला आपल्या पाळकांची काहीच हरकत असणार नाही. कदाचित तेवढेच पुरेल आणि पुस्तकाचे नावही निघणार नाही.

त्यांनी होऊन पुस्तक मागितले तर द्या, पण होडीविषयी आधी स्पष्ट सांगा. ते प्रकरण वगळूनही पुढचे कळते, हेही सांगा. आणि पाळकांचा आक्षेप लपवू नका. ज्या बाईने एवढे सोसले आहे तिला एका कादंबरीतल्या मतभेदापासून वाचवण्याची गरज नसते. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळले तर मात्र आपण फसवले असे वाटेल.

राहिली आपली प्रत. परत करण्यापूर्वी एकदा रेघा-फुल्यांचा खेळ करून पाहा आणि दुसऱ्या रात्री मिटलेले पान कोणते होते ते जमल्यास कळवा. त्यावर पुढे बोलता येईल. पुस्तक मैत्रिणीचे आहे, तेव्हा पेन्सिल मऊ शिशाची घ्या आणि हात हलका ठेवा. खोडरबराने पान फाटलेली पुस्तके मी आयुष्यभर चिकटवत बसले आहे.